मंगळावरच्या पावलांचा साक्षीदार

मंगळावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं.

आमच्या वाळवंटातल्या रम नावाच्या खोऱ्यात, लाल कड्यांच्या पायथ्याशी त्या वर्षी मंगळ उतरला होता आणि चांगला साडेतीन महिने मुक्कामाला होता. आमच्या गावात पाण्याची गाडी दहा दिवसांनी यायची, तीही वाटेत गळत. मंगळावर रोज दोन यायच्या. कोरड्या वाळूत बुटाचा ठसा टिकत नाही, कडा ढासळतात. म्हणून मी पाठीला पंप बांधून वाळू भिजवायचो, वरून चाळणीनं कोरडी वाळू भुरभुरवायचो, मग त्यावर पाऊल उमटवलं जायचं. सगळं खरं दिसतंय की नाही एवढंच बघायला सिनेमावाल्यांनी एक शिकलेला माणूस आणला होता. तो ठशापाशी गुडघे टेकून बसायचा, मान वाकडी करायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं पाणी." जिथे पाण्याचा थेंब सापडत नाही म्हणून जग हळहळतं, तो ग्रह खरा करायला पाणी लागत होतं. मला तेव्हा हसू आलं नाही. मला काम मिळालं होतं.

पण ही गोष्ट माझी नाही. माझ्या मामाची आहे, मुतलकची.

मुतलकमामा मागकाढ्या होता. वाळूवरची पावलं वाचायचा. तारुण्यात वाळवंटी पोलिसांत उंटावर होता, पुढे ते सोडून शेळ्या राखत राहिला, पण कोणाचं जनावर चोरीला गेलं, कोणी वाट चुकला, कोणाच्या तंबूत नको तो पाय पडला, की माणसं त्याच्याकडे यायची. तो खाली बघतच चालायचा. मान अशी झुकलेली, की अनोळखी माणसाला वाटे, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. एकदा आमच्या पाण्याच्या टाकीपासून निघालेल्या पावलांवर नजर टाकून तो म्हणाला, "ह्याच्या उजव्या हातात भरलेला डबा होता. तिसऱ्या झुडपापाशी हात बदलला. इथे थांबला, आपल्या तंबूकडे तोंड करून उभा राहिला, आणि भांडायला यावं की नाही ह्याचा विचार करून निघून गेला." संध्याकाळी तो शेजारी भांडायला आलाच. मामानं आधीच कॉफी तयार ठेवली होती.

आमच्यात निवाड्याला बसलेली मंडळी मागकाढ्याच्या शब्दावर निकाल देतात. दुसरा पुरावा मागत नाहीत. म्हणून मागकाढ्याला एकच गोष्ट जपावी लागते. पावलाबद्दल तो कधी खोटं बोलला नाही, हे सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे. एकदा जरी बोलला, तरी आधीचे सगळे निवाडे कुजायला लागतात. मामानं चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे जपलं होतं. त्याच्याकडे याखेरीज जपण्यासारखं दुसरं काही नव्हतं. शेळ्या होत्या, पण त्या मामी जपायची.

आणि एक चित्र होतं.

मामा अठराएक वर्षांचा असताना पोलीस चौकीतल्या अधिकाऱ्यानं एका मासिकातलं पान शिपायांना दाखवलं. माणूस चंद्रावर जाऊन आला होता आणि हा त्याच्या बुटाचा ठसा. चौकीतल्या सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. चंद्र म्हणजे काय कोणाच्या मेहुण्याचा मळा आहे, असं एकानं विचारलं. मामानं ते पान एका दिवसासाठी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत देताना तो म्हणाला, "हा माणूस आपल्या वजनानं चाललेला नाही."

अधिकाऱ्यानं विचारलं, "म्हणजे?"

"बूट एवढा मोठा. ओझंही असणार. माती पिठासारखी मऊ. आणि पाय रुतलाय किती, तर माझी धाकटी बहीण चालली असती तेवढा. कडा बघा. दव नाही, वारा नाही, कधीच नव्हता. अशी जमीन मी पाहिली नाही. ही आपल्याकडची नाही, कोणाकडचीच नाही. ते गेलेत."

त्या दिवसापासून चौकीत त्याला 'चंद्राचा साक्षीदार' म्हणून चिडवायचे. पण तो नोकरी सोडून परत आला, त्याची नजर लोकांनी पाहिली, आणि हळूहळू अख्खं गाव चंद्रावर विश्वास ठेवायला लागलं. शहरातली शिकलेली माणसं आमच्या तंबूत बसून छातीठोकपणे सांगायची, की ते सगळं एका कोठीत वाळू पसरून केलेलं नाटक होतं. आमच्या म्हाताऱ्या त्यांना कॉफी द्यायच्या आणि म्हणायच्या, "मुतलकनं पाऊल पाहिलंय." पुढे वादच नाही. ते पान अधिकाऱ्यानं शेवटी त्यालाच देऊन टाकलं. तंबूच्या मधल्या खांबाला ते प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेलं असायचं.

सिनेमावाले आले तेव्हा गावातली निम्मी माणसं कामाला लागली. कोणी गाडी लावली, कोणी स्वयंपाक धरला. आम्ही दहा-बाराजण रतमच्या झुडपाच्या फांद्यांचे झाडू घेऊन वाळूवरून उंट, शेळ्या, पाली, किडे, सगळ्यांचे माग पुसून काढायचो, कारण मंगळावर कोणी राहत नाही. मामा वरच्या कड्यावर शेळ्या घेऊन बसायचा आणि बघायचा. तो कामाला आला नाही. एकदा मी पाणी प्यायला वर गेलो तर म्हणाला, "किती पुसलंत आज?"

"खालच्या दगडापर्यंत."

"सकाळी तिथून एक कोल्हीण गेली होती. तीन पिल्लं होती मागं. आता कोणीच गेलं नाही, नाही का? छान. वाळूचं तोंड दाबायला झाडू पुरतो."

मामी हुस्ना त्याच्याहून तिखट. ती म्हणाली, "मला एक सांग फुरैज, मंगळावर माणूस गेलाय, इतकी हुशारी केलीय, मग तिथे झाडू मारायला आपलेच लोक का लागतात?"

मी हसण्यावारी नेलं. आता विचार करतो तर तो सिनेमा इतक्या थोडक्यात कोणीच मोजला नसेल.

त्यांचा मुख्य माणूस टॉबिन. पन्नाशीचा, लांब पायांचा, सगळ्यांशी गोड. त्याच्याबरोबर अम्मान शहरातली लुबना होती. तिचं काम सिनेमाचं नव्हतं. लोकांना आकाशातल्या मोहिमांची गोडी लावायची, त्या मोहिमांमागे लोकमत उभं करायचं, यासाठी तिला पगार होता. चांगली मुलगी होती, मनापासून बोलायची. गाडीत एकदा तिनं मला समजावलं, "हे बघ फुरैज, मंगळावर जायचं तर सरकारांना पैसा घालावा लागतो. सरकार लोकांकडे बघतं. लोकांना हिशोब कळत नाही, त्यांना डोळ्यांनी दिसावं लागतं. सिनेमा खरा वाटला की लोक म्हणतात, जा. खोटा वाटला की म्हणतात, घरी बसा."

मी म्हणालो, "म्हणून पाणी शिंपडायचं."

"म्हणून पाणी शिंपडायचं," ती म्हणाली. तिला त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही.

आता माझा पहिला दोष सांगतो. फुशारकी मारायची मला सवय. मी टॉबिनला मामाबद्दल सांगितलं, पावलांबद्दल, चंद्राच्या पानाबद्दल. त्याचे डोळे चमकले. मूळ सिनेमाबरोबर, तो कसा केला हे दाखवणारी एक लहान फिल्म ते बनवत होते. टॉबिनला त्यात मामा हवा होता. वाळवंटातला म्हातारा, ज्याच्या शब्दावर चोर पकडले जातात, तो ठशाशेजारी उभा राहून म्हणणार, ही मंगळावरची पावलं आहेत.

"ते ऐकतील का?" लुबनानं मला विचारलं.

"हळूच विषय काढायला लागेल," मी म्हणालो. "माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही तिघं मामाच्या तंबूत गेलो. टॉबिननं त्या सकाळी आधीच चार तंबूंत कॉफी प्यायली होती, सगळ्यांना खूश ठेवायचं म्हणून. आमची कॉफी कडू, वेलची भरपूर, साखर नाही. सवय नसलेल्याचं पोट ढवळतं. मामानं उखळात दाणे कुटले, उकळलं, आधी स्वतः घोट घेऊन पाहिला, मग पाहुण्याला ओतली. पेल्यात तळ झाकेल एवढीच. आमच्यात थोडी देणं म्हणजे बस, गप्पा मार. काठोकाठ भरून दिली तर त्याचा अर्थ, ऊठ, निघ.

टॉबिननं पेला घेतला, वास घेतला, आणि न पिता समोरच्या सतरंजीवर ठेवून दिला. रुमाल काढून कपाळ पुसू लागला.

पडद्यापलीकडे मामीची कणीक मळायची थपथप थांबली. आमच्यात पाहुणा कॉफी न पिता पेला खाली ठेवतो तो एकाच कारणासाठी. तो काहीतरी मागायला आलेला असतो. लग्नासाठी मुलगी मागायची असो, खुनाला माफी मागायची असो, माणूस पेला ठेवतो आणि बोलत नाही. आणि यजमान, काय मागणं आहे हे न विचारता, ते देऊन टाकतो. विचारून देणं म्हणजे बाजार झाला.

मामानं टॉबिनकडे पाहिलं. अनोळखी माणूस, परका, आपली रीत शिकून आलाय, असं त्याला वाटलं असणार. त्याच्या चेहऱ्यावर मी त्या परक्याबद्दल आदर पाहिला. तो म्हणाला, "पेला उचल, पाहुण्या. जे मागायला आलास ते दिलं."

मी तिथे तोंड उघडायला हवं होतं. "मामा, त्याला काही ठाऊक नाही, त्याचं पोट बिघडलंय," एवढंच. लुबनानं माझ्याकडे पाहिलं. ती शहरातली, पण पेला ठेवण्याचा अर्थ तिलाही कळत होता. मी सतरंजीवर पाय आखडून घेतले. पुढच्या वर्षी दोन सिनेमे यायचे होते. त्यांच्या कामाच्या भरवशावर मी नवी गाडी घेतली होती. मी टॉबिनकडे वळून त्याच्या भाषेत म्हणालो, "मामा तयार आहेत. प्या."

"कशाला तयार?"

"तुम्हाला हवं ते करायला."

टॉबिन आनंदानं हसला आणि औषध घ्यावं तशी कॉफी एका दमात घशाखाली ढकलली. मग लुबनानं मामाला सगळं सांगितलं. मंगळ, लोकमत, सिनेमा, आणि ते एक वाक्य.

मामा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरी, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"ते लोक ह्या सिनेमावर विश्वास ठेवून म्हणतील, जा मंगळावर. बरोबर?"

"बरोबर."

"आणि उद्या त्यांना कळलं की ही वाळू आमची होती?"

"सगळ्यांनाच ठाऊक असतं काका, सिनेमा आहे म्हणून. पण बघताना खरं वाटलं पाहिजे. तेवढं पुरतं."

"म्हणजे खोटं आहे हे ठाऊक असतं, आणि तरी खरं म्हणायचं असतं."

"साधारण तसं."

"आमच्यात त्याला दुसरं नाव आहे," मामा म्हणाला, आणि त्यानं ते नाव घेतलं नाही, कारण पाहुणी तंबूत बसली होती.

तो शब्द देऊन बसला होता. त्यानं एवढंच सांगितलं, की बोलायच्या आधी मला पावलं बघायची आहेत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला खाली नेलं. मंगळ झाडूनपुसून तयार होता. पावलांची एक ओळ टेकाडावरून उतरत होती. मामा उकिडवा बसला. बोटाच्या चिमटीत वाळू घेतली, दाबली, ती चिकटून राहिली. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुझ्या आजीला काल न्हायला पाणी नव्हतं." माझी आजी, म्हणजे ह्याची आई.

मी पाण्याच्या गाडीकडे पाहिलं.

तो ओळीच्या कडेकडेनं पाचसहा पावलं चालला. थांबला. मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"हा त्यांचा नट नाही."

"नाही."

"उजवा पाय बाहेर फेकतोय. उंटावरून पडला होता लहानपणी, हाड मीच बसवलं होतं, वाकडं बसलं. बुटात दोन बोटं जागा शिल्लक आहे, कापड कोंबलंय. हळू चाल असं कोणीतरी सांगतंय म्हणून हळू चालतोय, नाहीतर हा माणूस जन्मात हळू चालला नाही."

नटाचे ठसे नीट येत नव्हते म्हणून ते बूट मला घालायला दिले होते. मी मामाला हे सांगितलं नव्हतं.

"फुरैज," मामा म्हणाला, "तुझ्या पावलाला मी मंगळाचं म्हणायचं."

"नको म्हणू मामा. मी सांगतो त्यांना. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो."

"तो पेला खाली ठेवला गेला. मी दिलं म्हणालो. आता तब्येतीचं निमित्त काढू?"

पुन्हा मला बोलता आलं असतं. वाळू ओली होती, ऊन चढत होतं, मागे माणसं कॅमेरा लावत होती. मी त्यांच्या वाटेतून बाजूला झालो.

त्यांनी मामाला ठशांशेजारी उभं केलं, डोक्यावरचं फडकं नीट बसवलं, चेहऱ्यावर ऊन यावं म्हणून दोन पावलं सरकवलं. टॉबिननं हात हलवला. मामा म्हणाला, "ही मंगळावरची पावलं आहेत." वारा आला, आवाज खराब झाला. पुन्हा. मग एका ढगानं घोळ केला. पुन्हा. आमच्यात साक्ष एकदाच द्यायची असते. त्याच्याकडून ती तीनदा घेतली, आणि तिसऱ्यांदा टॉबिन म्हणाला, "वा, आता खरी वाटली."

मामा माझ्या गाडीत बसला नाही. चालत घरी गेला. त्याच्या मागे जाऊन मी त्याची पावलं बघितली. मला जेवढं वाचता येतं तेवढ्यात एवढंच दिसलं, की ती सरळ नव्हती.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. लुबनानं आठवण ठेवून गावासाठी शाळेत पडदा लावला, दुपारी, पोरंबाळं सगळी. लाल मंगळ, आमचे कडे, आमचं आकाश रंगवून घेतलेलं. नट माझ्या पावलांनी टेकाड उतरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग लहान फिल्म लागली. मामा पडद्यावर आला, भिंतीएवढा. बोलला. लुबना पुढे येऊन म्हणाली, की हा सिनेमा बघून बाहेर पडलेल्या लोकांना विचारलं, तर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लोक म्हणाले, मंगळावर जायलाच हवं. तिचा चेहरा खुलला होता. तिच्या कामाचं चीज झालं होतं.

मागच्या बाकावरून आमच्या गावातल्या दखीलचा मोठा मुलगा, बँकेत नोकरीला लागलेला, शांतपणे म्हणाला, "म्हणजे चंद्राचंही असंच असणार."

कोणीतरी हसलं. "फुरैज गेला असेल बूट घालून."

"तेव्हा फुरैज नव्हता. त्याचा बाप गेला असेल."

"पण मुतलकनं पाऊल पाहिलं होतं ना," एक म्हातारी म्हणाली.

"हे पण त्यानंच पाहिलंय की, आजी," तो म्हणाला. मला वाटतं, आमच्या गावानं चंद्रावरचा विश्वास काढून घेतला तो त्या क्षणी, आणि काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दूरच्या शहरांत थंडगार हॉलमध्ये बसून मंगळावर चला म्हणणाऱ्या माणसांची मोजदाद झाली. इथे कमी झालेली माणसं कोणी मोजली नाहीत. आम्ही कुठे कोणाच्या लोकमतात येतो.

मामा त्या दिवशी आला नव्हता. त्याला कोणी मुद्दाम सांगितलं नाही, पण त्यानं मधल्या खांबावरची पिशवी काढली. मी विचारलं नाही. मामीनं विचारलं असेल, तर त्याचं उत्तर मला माहीत नाही.

थंडीच्या सुरुवातीला दखीलची उंटीण चोरीला गेली. गाभण होती. तो मामाकडे आला, पाहुण्यासारखा बसला, पेला खाली ठेवायला लागला, तोच मामानं त्याचा हात वरच्यावर धरला. आयुष्यात प्रथम मी त्याला कोणाचा पेला थांबवताना पाहिलं.

"पी," तो म्हणाला. "मागू नकोस. माझ्याकडे ते नाही."

"एकदा येऊन बघ, मुतलक. माग ताजा आहे."

"बघेन. पण मी सांगितलेलं निवाड्यात धरू नकोस. मी एकदा खोटी साक्ष दिलीय. तीनदा दिलीय. दुसरा कोणी शोध."

दुसरा कोणी नव्हता. ती उंटीण सापडली नाही.

त्यानंतर मामा मान वर करून चालायला लागला. कड्यांकडे बघत, आकाशाकडे बघत. ज्याला आयुष्यभर वर बघायची गरज पडली नाही, त्याला चालताना ठेचा लागायच्या. तंबूच्या दोरीत पाय अडकून दोनदा पडला. मामी म्हणाली, "खाली बघ रे." तो म्हणाला, "खाली काय आहे?"

एका सकाळी, नुकतंच ऊन पडलं होतं आणि मामी शेळ्या घेऊन गेली होती, मी त्याच्याकडे गेलो आणि सांगून टाकलं. टॉबिन काही मागत नव्हता. त्याचं पोट बिघडलं होतं. रीत त्याला ठाऊक नव्हती, मला ठाऊक होती, आणि मी गप्प बसलो.

मामानं काठीनं निखारे पुढे ओढले.

"त्या दिवशी तू सतरंजीवर पाय आखडून बसला होतास," तो म्हणाला. "बोटं आत वळवून. मी पाहिलं होतं. मला वाटलं, पोराचं पोट दुखतंय."

"माझं चुकलं, मामा."

"त्या परक्याचं काही चुकलं नाही. त्याला कडू लागली, त्यानं ठेवली. ती पोरगी पगाराची. तू तर इथे जेवून मोठा झालास."

त्यानं कॉफीचं भांडं उचललं. मला वाटलं, माफ केलं. पेला पुसला, हलक्या हातानं, जसा नेहमी पुसायचा. आणि ओतू लागला. तळ झाकला, तरी ओतत राहिला. निम्म्यावर आली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो. कॉफी काठाला लागली, फुगली, आणि एक थेंब बाहेरून ओघळून सतरंजीवर पडला तेव्हा तो थांबला.

त्यानं पेला माझ्यासमोर धरला. दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसा.

मी तो प्यायलो, सगळा, आणि उठलो.